करकोचे आणि नरवड्यांच्या म्हशी

दुर्बिणीतून परक्याच्या घरात पाहणं वाईट, हे मला त्या रविवारच्या आधीही माहीत होतं. पण पुंडलिकनगरात राहणाऱ्या, सरकारी कचेरीत आवक-जावक सांभाळणाऱ्या आणि घरात लग्नाची मुलगी असलेल्या माणसाला जे माहीत असतं आणि तो जे करतो, त्या दोहोंची गाठ सहसा पडत नाही.

आमच्या छायाला पैठणच्या बाजूचं एक स्थळ सांगून आलं होतं. मुलगा बन्सी नरवडे, चितेगावच्या एका कंपनीत सुपरवायझर. मामाला सोबत घेऊन तो मुलगी पाहून गेला होता. पोह्यातल्या मिरच्या बाजूला न काढता सगळ्या खाल्ल्या, एवढं सोडलं तर त्याच्यात नाव ठेवण्यासारखं काही सापडलं नाही. छायाला तो आवडला होता. तसं ती बोलली नाही, पण त्या दिवसापासून ती रेडिओ अगदी बारीक आवाजात ऐकू लागली. आमच्या घरात हे लक्षण गंभीर समजलं जातं.

मुलाचा मामा सांगून गेला होता की नाथसागराच्या काठाला बागायत आहे, सिमेंटचं घर आहे, दावणीला दुभती जनावरं आहेत.

"सांगायला काय जातं," आमची द्वारका म्हणाली. "एकदा डोळ्यानं पाहून या. पण त्यांना कळू देऊ नका. ते लोक लई मानी आहेत म्हणे. चौकशीला आले होते असं कळलं तर स्थळ जाईल."

म्हणजे जायचं, पाहायचं, पण दिसायचं नाही. हे काम ज्याला जमतं असा एकच माणूस माझ्या ओळखीत होता, आणि तो बिचारा हे पाखरांसाठी करत होता.

फारूखभाईंचं शहागंजात चष्म्याचं दुकान आहे. माझ्या नाकावर पहिला चष्मा त्यांनी चढवला, तेव्हापासूनची आमची दोस्ती. दर हिवाळ्यात रविवारी दुकान बंद ठेवून ते पैठणच्या धरणावर पक्षी पाहायला जात, आणि दर हिवाळ्यात मला म्हणत, "नानासाहेब, एक बार चला तर. समुंदर है आपल्या मराठवाड्याचा." नानासाहेब हे माझं पाळण्यातलं नाव आहे, हुद्दा नाही, हे इथंच सांगून ठेवतो. या नावानं मला आयुष्यात एकदाच मान मिळाला, आणि तो कसा मिळाला तेच पुढं यायचं आहे.

तर दर हिवाळ्यात मी काहीतरी कारण सांगायचो. कधी सर्दी, कधी द्वारकेची सर्दी. या वेळी मात्र मीच दुकानात जाऊन म्हणालो, "फारूखभाई, या रविवारी पक्षी पाहायला जाऊ."

ते एका म्हाताऱ्याच्या नाकावर फ्रेम बसवत होते. ती तशीच वाकडी सोडून ते काउंटरच्या बाहेर आले आणि त्यांनी मला मिठी मारली. लाज वाटायची तर ती तिथंच वाटायला हवी होती. मला वाटलं, काम झालं.

"कुठल्या बाजूला जायचं?" मी साळसूदपणे विचारलं आणि नरवड्यांच्या गावाचं नाव घेतलं. "तिकडं लई पक्षी असतात म्हणे."

फारूखभाईंचे डोळे चमकले. "हौ, तिथं हरभऱ्याच्या रानात करकोचे उतरतात. कुठून कुठून, बर्फातून उडत येतात बघा. मी लांबून एकदा बघितले. तुम्हाला कसं मालूम?"

"कुठंतरी वाचलं," मी म्हणालो.

बातमी गल्लीत पसरायला संध्याकाळ पुरली. आमच्या शेजारचे तात्यासाहेब कोणत्याही विषयात अडाणी नाहीत. ते गेटवर हात ठेवून म्हणाले, "पांढरा सदरा घालून जाल तर चिमणीसुद्धा दिसायची नाही. पाखराला पांढऱ्याची भीती वाटते." बगळ्याचं काय, असं मी विचारणार होतो, पण त्यांच्याशी वाद घालणाऱ्याला दुसरा सल्ला मिळतो, म्हणून गप्प राहिलो. त्यांनी घरातून होमगार्डात असतानाचा आपला खाकी कोट आणून माझ्या अंगावर चढवला. तात्यासाहेब उंच आहेत, मी नाही. कोट माझ्या गुडघ्यांच्या खाली गेला आणि डांबराच्या गोळ्यांचा वास गल्लीभर सुटला. समोरच्या वच्छलाबाईंनी ओट्यावरून विचारलं, "पक्षी बघून काय करणार? त्यापेक्षा येताना मासे तरी आणा."

त्यात तात्यासाहेबांनी आणखी एक पाचर मारली. ते अभयारण्य आहे, परवानगी लागते. परवानगीशिवाय मी आजवर काही केलेलं नाही, त्यामुळं दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत मी एका कचेरीत जाऊन उभा राहिलो. कोणती कचेरी ते सांगत नाही, मलाही नीट कळलं नव्हतं. टेबलामागच्या गृहस्थांनी विचारलं, "पक्षी कशासाठी पाहणार? अभ्यास की करमणूक?"

"दोन्हींचे अर्ज वेगळे आहेत का?"

"अर्ज एकच आहे. साहेब वेगळे आहेत."

अभ्यासाचे साहेब रजेवर होते आणि करमणुकीचे दौऱ्यावर. मी स्वतः अशाच टेबलामागं बसतो, त्यामुळं मला त्या गृहस्थांचा राग आला नाही, उलट घरच्यासारखं वाटलं. शेवटी त्यांनीच आवाज खाली आणून सांगितलं, "रविवारी तिकडं आमचं कुणी नसतं. जाऊन या." एवढं सरळ उत्तर मी माझ्या कारकिर्दीत कुणाला दिलेलं नाही.

रविवारी उजाडायच्या आत फारूखभाई स्कूटर घेऊन दारात हजर झाले. डोक्याला मफलर, गळ्यात जुनी दुर्बीण, खांद्याला पिशवी. थंडी अशी होती की मागच्या सीटवर मला तात्यासाहेबांच्या कोटाबद्दल प्रेम वाटू लागलं. चितेगावात कंपन्यांची गेटं लागली तसा मी मान लांब करून पाहू लागलो. होणारा जावई यातल्या कोणत्या गेटातून आत जात असेल, गेट कितपत भक्कम आहे, वगैरे.

"काय बघताय?" फारूखभाईंनी आरशातून विचारलं.

"पक्षी."

"इथं निस्ते कावळे हैत," ते म्हणाले आणि माझा उत्साह पाहून खूश झाले.

बिडकीन मागं टाकून आम्ही कच्च्या रस्त्याला लागलो आणि एका चढावर फारूखभाईंनी स्कूटर थांबवली. समोर पाणी होतं. मी कोकणात कधी गेलेलो नाही, पण समुद्र म्हणतात तो असाच असावा. धुक्यात पलीकडचा काठ दिसत नव्हता, बारक्या लाटा येऊन काठाच्या काळ्या गाळावर आडव्या पडत होत्या, आणि पाण्यावर सगळीकडं ठिपके तरंगत होते. ठिपके बोलत होते. इतके आवाज एकदम मी फक्त आमच्या कचेरीत महागाई भत्त्याच्या दिवशी ऐकलेले आहेत.

फारूखभाईंनी पिशवीतून दुसरी दुर्बीण काढली. नवी, काळी, वजनदार. "ही तुम्हाला. तुमच्या चष्म्याचा नंबर माझ्याकडं आहेच, त्या हिशेबानं दोन्ही काचा लावून ठेवल्या. रात्री बसलो होतो. चष्मा काढून बघा, एकदम साफ दिसंल." स्वतःच्या गळ्यातली जुनी दुर्बीण त्यांनी पदरानं पुसावी तशी मफलरनं पुसली. तिची एक काच तडकलेली होती.

मी दुर्बीण डोळ्यांना लावली. खरोखरच साफ दिसत होतं. पाण्याच्या कडेकडेनं नजर सरकवत गेलो तर हरभऱ्याचं रान, त्यापलीकडं बाभळीचं झाड आणि बाभळीमागं सिमेंटचं घर. घरावर निळ्या अक्षरांत 'नरवडे' लिहिलेलं. माझ्या डोळ्यांसाठी रात्र जागून लावलेल्या त्या काचांतून मी पहिल्यांदा जे वाचलं ते हे.

"डावीकडं बघा," फारूखभाई कुजबुजले. "तलवार बदक. शेपूट दिसली?"

"दिसली," मी म्हणालो. शेपूट मला दिसली होती, पण ती म्हशीची होती.

"रंग कसा आहे?"

"काळा. तकतकीत."

"काळा?" फारूखभाई विचारात पडले. "मग बदक नै. चांदवा असंल. कपाळावर पांढरा ठिपका आहे का?"

मी नीट पाहिलं. पुढच्या म्हशीच्या कपाळावर पांढरा ठिपका खरोखर होता. "आहे."

"बरोबर. एकच आहे का थवा आहे?"

"चार-पाच आहेत. एक गाभण दिसते."

फारूखभाईंनी आपली दुर्बीण खाली घेतली आणि माझ्याकडं पाहिलं. "गाभण?"

"म्हणजे पोट मोठं दिसतंय," मी सावरून घेतलं.

"खाल्लं असंल," ते मोठ्या मनानं म्हणाले. नवशिक्याला टोकायचं नाही, असा त्यांचा स्वभाव आहे. पुढचा बराच वेळ ते मला शेकाट्याचे लाल पाय, थापट्याची चमच्यासारखी चोच असं काय काय दाखवत राहिले, आणि मी हौ हौ करत घराच्या खिडक्या, कडब्याची गंजी आणि गोठ्याचे पत्रे पाहत राहिलो. ओट्यावर एक म्हातारी सुपात काहीतरी पाखडत बसली होती. मध्येच ती हात थांबवून आमच्याच दिशेला पाहायची. मला वाटलं, म्हातारं माणूस आहे, एवढ्या लांबचं तिला काय दिसणार.

सगळं ठीक होतं, पण विहीर दिसेना. द्वारका विहिरीबद्दल विचारणार हे नक्की होतं, आणि विहीर असलीच तर ती त्या बाभळीमागं होती. "जरा पुढं जाऊन पाहतो," मी म्हणालो आणि पाण्याच्या कडेनं निघालो. डोळ्यांना दुर्बीण तशीच होती. काठाचा गाळ वरून वाळलेला, भेगा पडलेला दिसतो. तो फक्त वरून वाळलेला असतो. माझा उजवा पाय गुडघ्यापर्यंत गेला, तो काढायला डावा रोवला तर तो मांडीपर्यंत गेला. मी धडपडलो तसतसा गाळ मला आपलासा करत गेला.

"नानासाहेब!" मागून फारूखभाई ओरडले. "हलू नका, नानासाहेब! अरे कुणी या रे, साहेब फसले!"

पाण्यावरून आवाज लांब जातो. हरभऱ्याच्या रानातून माणसं उठली. त्यातला एकजण आधी उलट्या दिशेला, घराकडं पळाला, ते मी पाहिलं, पण त्याचा अर्थ तेव्हा लागला नाही. बाकीचे कासरा घेऊन आले. कासरा माझ्या काखेतून घालून त्यांनी मला ओढलं. मी वर आलो. माझे बूट आले नाहीत. माझी विजारही आली नाही. तात्यासाहेब उंच नसते आणि त्यांचा कोट माझ्या गुडघ्यांखाली जात नसता, तर पुढचं सांगायला मी लोकांत राहिलो नसतो.

कासरा ओढणाऱ्यांत पुढं एक पांढऱ्या मिशांचा, डोक्याला उपरणं बांधलेला माणूस होता. त्यानं माझा खाकी कोट वरपासून खालपर्यंत पाहिला, गळ्यातली दुर्बीण पाहिली आणि हात जोडले.

"साहेब, कळवलं असतं तर वाट दाखवाया माणूस धाडला असता. मी कारभारी नरवडे. चला, घरी चला."

मी साहेब नाही, हे तेव्हाच सांगायला हवं होतं. पण मग कोण, हेही सांगावं लागलं असतं. आणि आपल्या मुलीच्या होणाऱ्या सासऱ्याला पहिल्याच भेटीत विजारीशिवाय आपली ओळख सांगायची, हे धैर्य माझ्यात नव्हतं. मी नुसती मान हलवली. फारूखभाई काही बोलणार होते, मी त्यांचा हात दाबला.

ओसरीवर बाज टाकली गेली. तापलेलं पाणी आलं. कारभारींच्या मंडळी, आवडाबाई, डोक्यावर पदर घेऊन तांब्या घेऊन आल्या आणि माझ्या पायांवर पाणी घालू लागल्या. मुलाच्या आईनं मुलीच्या बापाचे पाय धुवायचे, ही गोष्ट आमच्याकडं कुणी स्वप्नात पाहिली तरी दुसऱ्या दिवशी ग्रहशांत करतील. मी पाय आखडून घेतले. "राहू द्या, वहिनी." "असू द्या, साहेब, गाळ लई चिकट असतो," त्या म्हणाल्या. गाळ गेला, पण मला ते पाय स्वतःचे वाटेनात. मग कारभारींचं धुतलेलं धोतर आलं, ते नेसलो. वर खाकी कोट तसाच. भाकरी आली, हरभऱ्याची हिरवी भाजी आली, ठेचा आला. म्हातारी, कारभारींची आई मनकर्णाबाई, कोपऱ्यात आपलं सूप घेऊन बसली होती आणि माझ्या तोंडाकडं पाहत होती.

मी पहिला घास घेतला आणि कारभारी बोलले, "साहेब, ती मोटार आमची नव्हं."

"कोणती मोटार?" मी खरंच न कळून विचारलं.

"तेच म्हणतो मी. कोणची मोटार. मोटार नायच."

फारूखभाईंनी माझ्याकडं पाहिलं. माझ्या डोक्यात हळूहळू उजेड पडला. खाकी कोट, दुर्बीण, काठाकाठानं फिरणं. धरणातून विनापरवाना पाणी उचलणाऱ्यांना धरायला कुणी साहेब आला, असा यांचा समज झाला होता. घराकडं पळालेला माणूस मोटार झाकायला पळाला होता.

"विहीर तरी असेल," मी म्हणालो. द्वारकेचा चेहरा डोळ्यांपुढून हलत नव्हता.

"विहीर कशाची, साहेब. खडक लागला."

"घर चांगलं आहे पण."

"घर भावाचं. आम्ही आपलं राहतो."

"म्हशी?"

"पाहुण्याच्या. चरायला आल्यात."

छायाच्या सासरची एकेक चीज माझ्या डोळ्यांदेखत नाहीशी होत होती. मी भीत भीत विचारलं, "मुलगा?"

"हाय एक. पण त्याचं बी खरं नाय. कंपनी कवा घरी बसवील, नेम नाय."

मग कारभारींनी हात लांब करून पाण्याकडं दाखवलं, जिथं सकाळी फारूखभाई मला थापटे दाखवत होते तिथं. या वेळी त्यांचा आवाज निराळा होता. "जमीन व्हती, साहेब. ती बघा तिथं, ती पाखरं बसलीत ना, तिथं आमचं खळं व्हतं. काळी, भुसभुशीत. धरण झालं, गेली. आता पाणी मागं सरकलं की हा वरचा पट्टा मोकळा व्हतो, त्यात हरभरा टाकतो. तुम्ही म्हणत असाल तर ती बी आमची नव्हं."

हे मात्र खरं होतं. खोटं कुठं संपलं आणि हे कुठं सुरू झालं, ते ऐकणाऱ्याला लगेच कळत होतं. मी त्या पाण्याकडं पाहिलं आणि मान खाली घातली. कुणाची किती बागायत आहे ते मोजायला मी आलो होतो.

"त्यात पोराची सोयरीक जमत आलीय," कारभारी सांगत होते. साहेबाला पाझर फुटावा म्हणून घरातलं सगळं बाहेर काढत होते. "पुंडलिकनगरची पोरगी. लई गुणाची. माझ्या पोराच्या मनात भरलीय. पण बाप कचेरीतला हाय, लई चौकस हाय म्हणं. तुम्ही इथं केस केली तर त्याला कळायचं आन् मोडायचं समदं."

पुंडलिकनगर म्हटल्यावर फारूखभाईंनी हातातला चहाचा कप खाली ठेवला. ते माझ्याकडं वळले नाहीत. समोर पाण्याकडंच पाहत राहिले, पण त्यांना कळलं, हे मला कळलं. त्या दिवशी गाळानंही मला ओढलं होतं, पण एवढं खोल नाही.

तेवढ्यात अंगणात सायकल टेकवल्याचा आवाज झाला. रात्रपाळी आणि वर जादा काम उरकून बन्सी आला. ओसरीवर पाय ठेवला, मला पाहिलं आणि सरळ वाकून माझ्या पायाला हात लावला. "काका, तुम्ही कधी आलात? आमचं धोतर कसं काय नेसलात?"

"काका?" कारभारी म्हणाले.

"छायाचे वडील आहेत, आबा."

आवडाबाईंच्या हातातली परात हातातच राहिली. कारभारींचे जोडलेले हात हळूहळू सुटले. आता कोणत्याही क्षणी मला हाकलून देणार आणि मला ते मान्यच करावं लागणार, अशा तयारीनं मी भाकरीकडं पाहत बसलो.

"मी आणलं यांना," फारूखभाई शांतपणे म्हणाले. "पाखरं दाखवायला. तुमचं घर इथं आहे हे आमच्या ध्यानात नव्हतं. गाळात फसले आणि मग गडबडीत सांगायचं राहून गेलं."

इतक्या वर्षांत त्या माणसानं कुणाला चुकीचा नंबर सांगितला नाही, आणि माझ्यासाठी तो परक्या ओसरीवर बसून खोटं बोलत होता. कारभारींनी ते लगेच धरलं. सगळ्यांच्याच सोयीचं होतं ते.

"कोणची पाखरं बघितली, बाबा?" कोपऱ्यातून मनकर्णाबाईंनी विचारलं.

मला एकच नाव आठवलं. "चांदवा. त्याच्या कपाळावर पांढरा ठिपका असतो."

"ती आमची चंद्री," म्हातारी म्हणाली. "सकाळधरनं तुझ्या काचा तिच्यावरच लागल्यात. चकाकत व्हत्या इथवर. गाभण हाय ती."

"माहीत आहे," माझ्या तोंडून गेलं.

आवडाबाईंनी पदर तोंडाला लावला. बन्सी भिंतीकडं तोंड करून उभा राहिला, त्याचे खांदे हलत होते. मनकर्णाबाई मात्र हसल्या नाहीत.

"आन् तू रं कारभारी," त्यांनी लेकाकडं मोर्चा वळवला, "कडब्याखालून ती मोटार काढ आधी, कडबा पेटंल. म्हशी पाहुण्याच्या म्हणं. घर भावाचं म्हणं. आणखी थोडा वेळ साहेब बसला असता तर मला बी पाहुण्याची म्हणाला असता."

कारभारींनी उपरणं सोडून तोंड पुसलं. आम्ही दोघं एकमेकांकडं न पाहता बसलो. दोन मानी घराण्यांचे कर्ते पुरुष, एक धोतर उसनं नेसलेला आणि एक सगळं घर उसनं सांगून बसलेला.

"आजी," मी म्हणालो, "माझं चुकलं."

"पोरगी द्यायची तर माणूस बघणारच. त्यात चुकलं नाय," म्हातारी सूप झटकत म्हणाली. "पर दारातून यायचं. आमाला दार हाय की."

मी उरलेली भाकरी खाली मान घालून संपवली.

निघताना बन्सी अंगणापर्यंत आला. त्यानं माझ्या पायांसाठी स्वतःच्या चपला दिल्या आणि घुटमळत म्हणाला, "काका, आबा आज जे बोलले ते छायाला सांगू नका."

"नाही सांगत," मी म्हणालो. "आणि गाळाचं तू सांगू नको."

त्यानं मान हलवली. पुढं उन्हाळ्यात लग्न झालं, तेव्हा कळलं की त्यानं ते पहिल्याच आठवड्यात तिला सांगून टाकलं होतं, आणि द्वारकेला तिनं. विहीर खरोखरच नव्हती. त्याबद्दल कुणी काही बोललं नाही, कारण विहिरीचा विषय निघाला की विजारीचा निघायचा. पण ते सगळं नंतरचं.

त्या दुपारी फारूखभाईंनी स्कूटर सुरू केली ती बिडकीनपर्यंत एक शब्द न बोलता चालवली. मी मागं धोतर सावरत बसलो होतो. धोतर नेसून स्कूटरवर बसण्यात माणसाचा जो काही आब असतो, तो वाऱ्यावर उडत होता, आणि रस्त्यावरचे लोक वळून पाहत होते. बिडकीनला चहाच्या टपरीवर ते थांबले. दोन चहा सांगितले. बाकावर बसून समोर पाहत राहिले.

"फारूखभाई," मी म्हणालो, "मी तुमच्याशी खोटं बोललो."

"हौ."

"मुलीचा विषय होता."

"मुलीचा विषय होता तर तसं सांगायचं, नानासाहेब. मी दुकान बंद करून तसाच आलो असतो. माझ्या नजमाचं स्थळ बघायच्या वेळेस तुम्ही आला नव्हतात का माझ्यासोबत लासूर स्टेशनला?" त्यांनी चहात फुंकर घातली. "मी घरी सांगून आलो की आज माझा दोस्त येतोय पाखरं बघायला. बेगमनं पहाटे उठून पराठे केले. पिशवीतच राहिले ते."

काहीतरी विचारायचं म्हणून मी विचारलं, "करकोचे दिसले का तुम्हाला?"

"दिसले," ते म्हणाले. "तुम्ही विहिरीकडं का कुठं निघालात ना, तेव्हाच उतरत होते. हरभऱ्यात. इतक्या जवळून मी कधी नै बघितले. मान अशी काळी, आणि डोळ्याच्या मागून पांढरी पिसं अशी. मी तुम्हाला हात करणार होतो. तर तुम्ही खाली चाललेले."

"मग?"

"मग काय. ओरडलो की उडणार, हे मालूम होतं." त्यांनी कप बाकावर ठेवला. "उडाले."

टपरीवाल्यानं रिकामे कप उचलले. माझ्या गळ्यात ती नवी दुर्बीण तशीच लटकत होती. तिच्या काचांवर गाळाचे शिंतोडे वाळले होते. मी ती काढून धोतराच्या सोग्यानं पुसायला लागलो तर फारूखभाईंनी माझा हात धरला. "तसं नै पुसायचं, ओरखडे पडतात." त्यांनी खिशातून मऊ कापड काढलं आणि स्वतःच एकेक काच पुसत बसले. खूप वेळ पुसत होते. मग तिच्यातून एकदा रस्त्याकडं पाहिलं आणि ती पुन्हा माझ्या हातात दिली.

"नानासाहेब, एक विचारू?"

"विचारा."

"तुम्हाला दुसरी मुलगी तर नै ना?"

"नाही," मी म्हणालो. "छाया एकटीच."

"मग पुढच्या रविवारी चला," फारूखभाई म्हणाले आणि स्कूटरला किक मारली.